साडेपाच तासांत अमेरिका?

पुण्यातल्या कितीतरी घरांत हा प्रसंग थोड्याफार फरकाने घडलेला असतो. न्यू जर्सीतल्या लेकीने आईबाबांची तिकिटे काढून पाठवलेली असतात. बाबा चष्मा लावून छापील कागद वाचतात : मुंबईहून रात्री १.१५ ला सुटणार, नेवार्कला सकाळी ६.४५ ला पोहोचणार, तारीख तीच. बोटांवर हिशेब होतो आणि बाबा जाहीर करतात, "अगं, साडेपाच तासांत अमेरिका! आपल्या कोकणातल्या एसटीला याहून जास्त वेळ लागतो." आई कागदावरून नजर न काढता विचारते, "मग मध्ये दोनदा जेवण कशाला देणार आहेत?"

शंका आईचीच बरोबर असते. तो प्रवास सोळा तासांचा आहे.

तिकिटावर छापलेली प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. सुटण्याची मुंबईच्या घड्याळाने, पोहोचण्याची नेवार्कच्या. म्हणून वजाबाकी करण्याआधी दोन्ही वेळा एकाच घड्याळात आणायला हव्यात. हिवाळ्यात न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीचे घड्याळ भारताच्या साडेदहा तास मागे असते. तिथले सकाळचे ६.४५ म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे ५.१५. आता रात्री १.१५ ते संध्याकाळी ५.१५ मोजले की सोळा तास भरतात. परतीच्या तिकिटात हाच चकवा उलटा बसतो. तिथून दुपारी १२ ला निघालेले विमान मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी १ वाजता उतरते. कागदावर पंचवीस तास दिसतात, त्यातून साडेदहा वजा केले की साडेचौदा उरतात. ज्यांना हे सारखे करायचे असते त्यांनी तिकिटाच्या प्रिंटवर प्रत्येक वेळेशेजारी पेनने भारतीय वेळ लिहून ठेवावी. मोबाइलवर सगळे दिसते हे खरे, पण बॅटरी संपलेल्या मोबाइलवर काहीच दिसत नाही.

आता साडेदहा तास हा आकडाही वर्षभर टिकत नाही. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणते, त्यामुळे उन्हाळ्यात आपल्यातले अंतर साडेनऊ तासांवर येते. कॅलिफोर्नियाशी ते हिवाळ्यात साडेतेरा आणि उन्हाळ्यात साडेबारा. युरोपही घड्याळ सरकवतो, पण त्याचा मुहूर्त वेगळा : मार्चचा आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. म्हणजे मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरअखेरचा एक आठवडा असा असतो, की अमेरिका आणि युरोपमधले नेहमीचे अंतर एका तासाने चुकते. फ्रँकफर्टला किंवा लंडनला विमान बदलायचे असेल आणि तारीख या दिवसांत पडत असेल, तर मागच्या वर्षीच्या आठवणीवर विसंबून राहू नये. घड्याळांच्या या गोंधळाला मुंबईकरांनी नावे ठेवण्यात मात्र अर्थ नाही. देशभर भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये सुरू झाली, तरी मुंबईने आपला ३९ मिनिटे मागे असलेला 'बॉम्बे टाइम' पुढे कित्येक दशके सोडला नव्हता.

यापेक्षा महाग पडणारी चूक वेगळीच आहे, आणि ती परदेशी घड्याळाशी नव्हे तर आपल्याच सवयीशी जोडलेली आहे. पंचांगात वार बदलतो तो सूर्योदयाला. बोलण्यातही 'चौदा तारखेची रात्र' म्हणजे पंधराची पहाट होईपर्यंतचा सगळा काळ. विमान कंपनीला हे मान्य नाही. तिच्यासाठी मध्यरात्री बारा वाजून एक मिनिटाला पंधरा तारीख लागलेली असते. पंधराच्या १.१५ चे विमान पकडायचे तर चौदाच्या रात्री दहाच्या आत विमानतळावर उभे राहावे लागते. पंधराच्या रात्री जेवूनखाऊन, देवापुढे साखर ठेवून निघालेल्या कुटुंबाचे विमान वीस-बावीस तासांपूर्वीच गेलेले असते. मुंबईहून अमेरिका-युरोपला जाणारी बरीच विमाने याच वेळेत, मध्यरात्र ते पहाटे, सुटतात. त्यामुळे कॅलेंडरवर गोल करायचा तो घर सोडण्याच्या तारखेला, विमान सुटण्याच्या नव्हे.

अंतराकडे वळायचे तर भिंतीवरचा नकाशा आधी गुंडाळून ठेवावा. गेरार्डस मर्केटर याने १५६९ साली काढलेल्या पद्धतीचे नकाशे जहाजांना दिशा धरून चालायला फार सोयीचे होते, पण त्यात उत्तरेकडचे प्रदेश भलतेच फुगतात. आफ्रिका ग्रीनलंडच्या चौदापट मोठी आहे, यावर त्या नकाशाकडे पाहून कोणाचाही विश्वास बसणार नाही. अशा नकाशावर मुंबई ते न्यूयॉर्क पट्टीने रेघ मारली तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक ओलांडून जाते. विमान तिकडे फिरकतही नाही. त्याऐवजी मुलांच्या टेबलावरचा पृथ्वीगोल घ्यावा, एक दोरा मुंबईवर धरावा, दुसरे टोक न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणावा. तो थेट उत्तरेकडे चढतो. सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, मॉस्कोच्या आग्नेयेकडचा रशिया, फिनलंड-स्वीडन, आइसलंडचा शेजार, ग्रीनलंडचे दक्षिण टोक, आणि मग कॅनडाच्या किनाऱ्याने खाली. वाटेत तो जवळजवळ ६५ अंश उत्तरेपर्यंत जाऊन येतो. हेच गोलावरचे सर्वांत कमी अंतर : सुमारे १२,५३० किलोमीटर. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्कोचा दोरा तर याहून वर, सैबेरियाच्या डोक्यावरून जातो आणि साडेतेरा हजार किलोमीटर भरतो.

समोरच्या पडद्यावर विमानाचे चित्र उत्तर ध्रुवाकडे निघालेले पाहून दचकणाऱ्यांनी हा दोरा आठवावा. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूला विमान आणले ते ध्रुवावरूनच. या दोन शहरांमधले सरळ अंतर जवळपास चौदा हजार किलोमीटर आहे.

अंतर कळले की वेळेचा अंदाज घरबसल्या काढता येतो. किलोमीटरला ८५० ने भागावे आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवावा. मोठी विमाने आकाशात तासाला ९०० किलोमीटरच्या आसपास उडतात, पण वाट कधीच दोऱ्याइतकी सरळ नसते, म्हणून आकडा थोडा खाली धरायचा. मुंबई-लंडन ७,२०० किलोमीटर : साडेआठ अधिक अर्धा, नऊ तास. मुंबई-न्यूयॉर्क : सव्वापंधरा. नियमित उड्डाणांत जगातले सर्वांत लांब म्हणून ओळखले जाणारे सिंगापूर-न्यूयॉर्क १५,३५० किलोमीटरचे आहे, आणि हा हिशेब तिथेही साडेअठरा तासांच्या जवळ आणून सोडतो. वेळापत्रकातला आकडा नेहमी यापेक्षा थोडा जास्त दिसेल. कारण तो विमान दारापासून हलल्यापासून पलीकडच्या दाराला लागेपर्यंतचा असतो. धावपट्टीकडे रांगेत सरकण्याचा वेळ त्यात येतो, आणि वेळेवर पोहोचल्याचे सांगता यावे म्हणून कंपनीने हळूच घातलेली जास्तीची मिनिटेही.

पण मग जाताना सोळा आणि येताना साडेचौदा तास का? अंतर तर तेवढेच.

उत्तर वाऱ्यात आहे. जमिनीपासून साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमक्या विमानांच्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचे पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग कधी ताशी ३०० किलोमीटरच्याही वर जातो. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून या वाऱ्याची मोजणी केली होती आणि जगाला कळावे म्हणून ती एस्पेरांतो या कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषेत छापली. जगाने वाचलीच नाही. १९४४ मध्ये जपानवर उंचावरून गेलेल्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना हा वारा भेटला तेव्हा त्यांचे वैमानिक चक्रावले. आज त्याच वाऱ्यावर विमान कंपन्या इंधन वाचवतात. ९ फेब्रुवारी २०२० रोजी वादळी वाऱ्याच्या पाठबळावर ब्रिटिश एअरवेजचे एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. एरवी याच प्रवासाला साडेसहा तासांच्या आसपास लागतात.

भारतीयांसाठी याहून बोलके उदाहरण एअर इंडियाच्या दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को उड्डाणाचे. ते डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झाले तेव्हा पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जाई. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने विमान उलट दिशेने, बांगलादेश, म्यानमार, चीन, जपान करत पॅसिफिकवरून नेले. वाट सुमारे १,४०० किलोमीटरने लांबली, १५,३०० किलोमीटर झाली. वेळ मात्र जवळजवळ दोन तासांनी कमी होऊन साडेचौदा तासांवर आली, कारण वारा आता पाठीशी होता. किलोमीटर वाढले आणि तास घटले. तिकीट शोधताना नुसते अंतर पाहून काही ठरवणाऱ्याने हे उदाहरण खिशात ठेवण्यासारखे आहे. प्रवाशाला वारा निवडता येत नाही हे उघड आहे. पण हिवाळ्यात पश्चिमेकडे जाताना पुढच्या विमानासाठी जेमतेम दीड तास ठेवलेले तिकीट त्याला नाकारता येते.

वाऱ्याइतकाच दुसरा हिशेबनीस म्हणजे राजकारण. दोऱ्याची ती सरळ वाट सिंध आणि रशियावरून जाते हे आपण पाहिले. पाकिस्तानने २०१९ मध्ये फेब्रुवारीअखेर ते जुलै आपले आकाश बंद ठेवले होते, आणि २४ एप्रिल २०२५ पासून ते भारतीय विमानांना पुन्हा बंद केले. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटल्यावर युरोप-अमेरिकेच्या विमानांना रशियाचे आकाश मिटले. झळ कोणाला किती, हे विमान कोणाचे आणि सुटते कुठून यावर ठरते. दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या भारतीय विमानाला आधी दक्षिणेकडे उतरून अरबी समुद्र गाठावा लागतो. त्यामुळे अमेरिकेच्या काही उड्डाणांना इंधनासाठी व्हिएन्नात थांबावे लागले. मुंबईचे विमान धावपट्टीवरून उठते तेच समुद्रावर, म्हणून त्याचा वळसा तुलनेने लहान. एकाच शहराला जाणाऱ्या दोन कंपन्यांच्या वेळेत तास-दीड तासाचा फरक दिसला तर तो विमानाच्या चपळाईचा नसतो, वाटेचा असतो. तिकीट काढण्याआधी गेल्या आठवड्यातली त्या क्रमांकाची उड्डाणे प्रत्यक्षात किती वेळ हवेत होती, हे फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअरवर दोन मिनिटांत पाहता येते. वेळापत्रकापेक्षा ती नोंद जास्त खरी.

थेट जावे की मध्ये उतरावे, यावर घरोघरी वाद होतात, आणि त्यात 'दुबईमार्गे लांब पडते' हे वाक्य हटकून येते. आकडे तसे म्हणत नाहीत. मुंबई-दुबई १,९२५ आणि दुबई-न्यूयॉर्क ११,००० मिळून १२,९२५ किलोमीटर होतात. सरळ वाटेपेक्षा जेमतेम चारशेने जास्त. फ्रँकफर्टमार्गे तर सव्वादोनशेच जास्त, कारण ते शहर वाटेच्या फार बाजूला नाही. सिंगापूरमार्गे न्यूयॉर्कला निघाले तर मात्र एकोणीस हजारांच्या वर जाते, आणि ते स्वस्त पडले तरी उलटा घास आहे. आखातातून किंवा युरोपातून जाताना अंतर वाढत नाही, वाढतो तो थांबण्याचा वेळ. सोळाचे वीस-एकवीस तास होतात. त्या जास्तीच्या चार-पाच तासांत पाय मोकळे होतात, तिकिटातही बरेच पैसे वाचू शकतात. गुडघे दुखणाऱ्या सत्तरीच्या माणसाला सोळा तास सलग बसण्यापेक्षा मध्ये उतरणे सोसते की अनोळखी विमानतळावर दोन किलोमीटर चालणे नको वाटते, हे ज्याने त्याने ठरवावे. तिकिटाबरोबरच व्हीलचेअर नोंदवली तर दुसरी अडचण बहुतेक सुटते. ती मागण्यात कमीपणा मानणारी पिढी आता मागे पडते आहे, आणि ते बरेच आहे.

थांबा घ्यायचाच तर काही गोष्टी तिकिटाच्या किमतीआधी पाहायच्या. दोन्ही विमाने एकाच पीएनआरवर असली पाहिजेत. पहिले उशिरा पोहोचून दुसरे चुकले, तर पुढची सोय कंपनी करते ती एकाच बुकिंगवर. दोन वेगळी तिकिटे स्वस्तात जुळवणाऱ्याचे चुकलेले विमान त्याच्याच खिशातून जाते. 'डायरेक्ट' आणि 'नॉनस्टॉप' यांतही फरक आहे. डायरेक्ट विमान मध्ये कुठे उतरू शकते, फक्त त्याचा क्रमांक बदलत नाही. अमेरिकेत आणखी एक पायरी असते : पहिल्या शहरात उतरल्यावर इमिग्रेशन होते, बॅगा स्वतः पट्ट्यावरून उचलून कस्टम्समधून न्याव्या लागतात आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा द्याव्या लागतात. शिकागोला उतरून डेन्व्हरला जाणाऱ्याने मध्ये तीन तास तरी राखावेत. अबू धाबीला वेगळी सोय आहे. तिथे २०१४ पासून अमेरिकेचे इमिग्रेशन विमानात चढण्याआधीच उरकते आणि पलीकडे देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर पडता येते. तिथली रांग मात्र अबू धाबीच्या थांब्यातून वजा करायला विसरू नये. मध्ये उतरण्यासाठी त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावरच पाहावे. शेजाऱ्यांचा दोन वर्षांपूर्वीचा अनुभव इथे उपयोगी नाही, नियम बदलत राहतात.

तीन अक्षरी कोडही नीट वाचावेत. जेएफके आणि एलजीए न्यूयॉर्कमध्ये, ईडब्ल्यूआर म्हणजे नेवार्क न्यू जर्सीत. संगणकाला तिन्ही 'न्यूयॉर्क'च वाटतात. लेक एडिसनला राहत असेल तर नेवार्क जवळ, आणि जेएफकेला उतरलेल्याला न्यूयॉर्क शहर ओलांडून यावे लागते. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढे जायचे तिकीट तर स्वस्त असले तरी घेऊ नये. आता हाच प्रश्न आपल्या दारातही आला आहे : मुंबईच्या जुन्या विमानतळाचा कोड बीओएम, नवी मुंबईच्या नव्याचा एनएमआय.

आणि प्रवास विमानतळावर सुरू होत नाही. साताऱ्याच्या कुटुंबाचा हिशेब मांडून पाहावा. विमान १.१५ चे, पोहोचायचे पावणेदहापर्यंत. सातारा ते अंधेरी पाच-सहा तास, खंडाळ्याच्या घाटात एखादा ट्रक आडवा झाला तर किती ते कोणी सांगू नये. म्हणजे दुपारी तीनला घर सोडायचे. सुटेपर्यंत सव्वादहा तास झाले, हवेत सोळा, उतरून इमिग्रेशन, बॅगा आणि एडिसनपर्यंतची गाडी मिळून दोन-अडीच. एकूण अठ्ठावीस तासांच्या वर. नॉनस्टॉप तिकिटाचा हा आकडा आहे. औषधे, भूक, झोप यांची तयारी सोळा तासांची नव्हे, या अठ्ठावीस तासांची करायची असते.

औषधांचा मुद्दा गंभीर आहे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने 'सकाळची' आणि 'रात्रीची' हे शब्द विमानात चढताना बाजूला ठेवावेत. दोन डोसांमध्ये किती तास जायला हवेत, हे निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्यावे आणि प्रवासभर एक मनगटी घड्याळ भारतीय वेळेवरच राहू द्यावे. सूर्याकडे पाहून तर काहीच कळत नाही. डिसेंबरात मुंबईचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. १.१५ च्या विमानात बसलेला माणूस रात्रीच्या सोबतीने पश्चिमेकडे जात राहतो आणि नेवार्कला पावणेसातला उतरतो तेव्हाही उजाडलेले नसते. तिथे सूर्य उगवतो सव्वासातच्या सुमारास, आपल्या पावणेसहाला. मावळल्यापासून उगवेपर्यंत जवळजवळ चोवीस तासांची एकच रात्र. शरीराचे घड्याळ मात्र अजून भारताचेच असते, म्हणून ते भांबावते आणि पहिले काही दिवस पहाटे तीनला टक्क जाग येते. परतताना, पूर्वेकडे येताना, बहुतेकांना हे जास्त जड जाते. दोन्हीकडे उपाय एकच लागू पडतो : पोहोचल्या दिवशी दुपारी अंथरूण धरू नये, उजेडात फिरून यावे.

विमानात दर दीड-दोन तासांनी उठून फेरी मारावी. पायाच्या शिरांमध्ये रक्त साकळण्याचा धोका लांब बसण्याने वाढतो.

राहता राहिले घ्यायला येणारे. 'लँडेड' असा संदेश मोबाइलवर आला की एडिसनच्या घरी चहा टाकून लेक गाडी काढते आणि मग विमानतळावर पार्किंगचे पैसे भरत दीड तास उभी राहते. चाक धावपट्टीला टेकल्यापासून दाराशी लागेपर्यंत पंधरा-वीस मिनिटे जातात, व्हीलचेअरवाल्यांना शेवटी उतरवतात, त्यापुढे इमिग्रेशनची रांग आणि लोणच्याच्या बरणीमुळे बाजूला काढलेली बॅग. एडिसनहून नेवार्क अर्ध्या-पाऊण तासावर आहे. आईबाबांचा फोन बॅगांच्या पट्ट्याजवळून आला, की तेव्हा निघालेले पुरते.